वॉलबीचं नवजात पिल्लू पिशवीत जंतूंपासून कसं वाचतं, आणि त्यामागची पेप्टाइडं तपासायची कशी

प्रश्नाचे तीन भाग आहेत. पहिला: शिशुधान प्राण्यांचं (कांगारू, वॉलबी अशा, बहुधा पिशवीवाल्या सस्तन प्राण्यांचं) पिल्लू एका ग्रॅमच्या आत जन्मतं, स्वतःची प्रतिपिंडं त्याला बनवता येत नाहीत आणि आईची पिशवी म्हणजे उबदार, ओलसर, जंतूंनी भरलेली जागा; मग ते जगतं कसं? दुसरा: या प्राण्यांच्या कॅथेलिसिडिन (जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचं एक घराणं) जनुकांतलं एखादं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, निवडून त्याची जंतुनाशक ताकद मोजायची असेल तर काम कसं करायचं आणि ते कुठे फसतं? तिसरा: अनाथ पिल्लाच्या दुधात असं पेप्टाइड मिसळून चालेल का?

तिन्ही भाग एकमेकांत गुंतलेले आहेत. या पिल्लाची सुरुवातीची रोगप्रतिकारशक्ती बरीचशी त्याच्या शरीराबाहेर असते, म्हणजे आईच्या दुधात, पिशवीच्या कातडीत आणि आईच्या जिभेवर. पेप्टाइड ज्या जागी आणि ज्या आठवड्यात काम करतं ती परिस्थिती प्रयोगात उतरवली नाही, तर आकडे मिळतात पण ते वॉलबीबद्दल काही सांगत नाहीत.

उदाहरणाला टॅमर वॉलबी, म्हणजे कांगारूच्या कुळातला एक लहान प्राणी, घेऊ. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर ती भरपूर आहे आणि दुधाच्या जीवशास्त्रावरचं सर्वांत बारीक काम तिच्यावरच झालंय. गर्भाचा सुप्तावस्थेतला काळ सोडला तर पोटातली वाढ २६-२७ दिवसांची. जन्मतः पिल्लू सुमारे ०.४ ग्रॅम, राजम्याच्या दाण्याएवढं. ते स्वतः चढत काही मिनिटांत पिशवीत पोचतं आणि चारपैकी एक सड तोंडात धरतं. सडाचं टोक तोंडात फुगतं आणि पुढचे जवळपास १०० दिवस पिल्लू ते सोडत नाही. पिशवी कायमची सुटायला साधारण नऊ महिने लागतात.

जन्माच्या दिवशी त्याच्याकडे काय असतं? रक्तात न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. रक्त बनवण्याचं काम अजून यकृतात चालतं. थायमस (पांढऱ्या पेशी घडवणारी ग्रंथी) दोन, एक मानेत आणि एक छातीत, पण दोन्ही अपक्व. लसिका ग्रंथी तयार झालेल्या नसतात, प्लीहेला अजून तिचं रूप आलेलं नसतं, लिम्फोसाइट (जंतू ओळखायला शिकणाऱ्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ नसतात. कातडी इतकी पातळ की तिच्यातून काही प्रमाणात श्वसनही होतं. म्हणजे जंतूंसाठी ती भक्कम भिंत नाही. टॅमर वॉलबीत आईची थोडी प्रतिपिंडं जन्माआधीच पीतककोशाच्या अपरेतून (वारेतून) पिल्लात पोचतात. ब्रशटेल पॉसम या दुसऱ्या शिशुधान प्राण्यात तेही होत नाही, तिथे सगळं दुधावर. स्वतःची प्रतिपिंडं पुरेशी बनायला कित्येक आठवडे जावे लागतात. त्यामुळे 'पिल्लाला रोगप्रतिकारशक्तीच नसते' हे वाक्य चूक आहे. जन्मजात शाखा आहे, शिकणारी शाखा अजून उभी राहायची आहे, आणि मधली फट आई भरते.

गाई पाळणाऱ्याला हे लगेच कळेल. वासराला चीक पहिल्या काही तासांत पाजावा लागतो, कारण साधारण २४ तासांत आतडं प्रतिपिंडं जशीच्या तशी शोषून घेणं बंद करतं. वॉलबीच्या कुळातल्या क्वोकामध्ये हेच दार जवळपास सहा महिने उघडं असतं. म्हणजे चिकाचं काम एका दिवसात उरकत नाही, महिनोन्‌महिने चालतं. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: जे आतडं प्रतिपिंडांना आत येऊ देतं ते जंतूंनाही सहज वाट देऊ शकतं. म्हणून आतड्याच्या पोकळीतच जंतूंना आवर घालणारी लहान पेप्टाइडं या काळात महत्त्वाची ठरतात.

पिशवीबद्दल एक गैरसमज आधी दूर करू. ती निर्जंतुक नसते आणि निर्जंतुक होण्याची गरजही नसते. क्वोकाच्या पिशवीतल्या जंतूंची नोंद १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर टॅमर, कोआला, टास्मानियन डेव्हिल (मांसाहारी शिशुधान प्राणी) अशा जातींवर काम झालं. प्रसूतीच्या सुमारास मादी पिशवी चाटून साफ करते, पिशवीच्या कातडीतल्या ग्रंथींचा स्राव बदलतो आणि जंतूंचं मिश्रणही बदलतं. पिल्लू आत असताना मादी त्याची विष्ठा आणि मूत्र चाटत राहते. पिशवीच्या स्वच्छतेत या चाटण्याचा वाटा मोठा आहे आणि शोधनिबंध वाचताना तो सहज विसरला जातो. टॅमरच्या पिशवीच्या स्रावात युजेनिन नावाचं लहान पेप्टाइड सापडलं आहे. ते जंतू मारत नाही, एका संप्रेरक-ग्राहकावर काम करतं. पिशवीतलं प्रत्येक पेप्टाइड जंतुनाशक असतं असं धरून चालू नका, हे सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे.

आता दूध. टॅमरचं दूध एकसारखं नसतं. पिल्लू सडाला चिकटलेलं असतानाचे पहिले सुमारे १०० दिवस दूध पातळ आणि कमी चरबीचं. १०० ते २०० दिवसांत पिल्लू सड सोडू-धरू लागतं. २०० दिवसांनंतर ते बाहेर डोकावतं, गवत चाखतं, आणि दूध घट्ट, चरबीयुक्त होतं. पॉसममध्ये प्रतिपिंडांचा दुधातला पुरवठा दोनदा वाढतो: जन्मानंतर लगेच, आणि पुन्हा दूध बदलण्याच्या सुमारास. कारण सरळ आहे. पिल्लू बाहेरच्या जगाला तोंड लावतं तेव्हा नवे जंतू पोटात जातात. टॅमरच्या दुधात डब्ल्यूएफडीसी-२ नावाचं प्रथिन आहे. त्याचा एक भाग स्टॅफिलोकॉकस ऑरियस, साल्मोनेला आणि स्यूडोमोनास यांची वाढ रोखतो, पण आतड्यात सहसा राहणाऱ्या एन्टेरोकॉकस फेकॅलिसला हात लावत नाही. या निवडकपणाकडे माझ्या मते पुरेसं लक्ष दिलं जात नाही. आईला पिल्लाचं आतडं रिकामं ठेवायचं नाही, तिथे योग्य वस्ती होऊ द्यायची आहे.

मुख्य घराणं कॅथेलिसिडिनचं. हे प्रथिन तीन तुकड्यांचं बनतं: सुरुवातीला साधारण ३० अमिनो आम्लांचा संकेत-तुकडा, मग सुमारे १०० अमिनो आम्लांचा कॅथेलिन भाग, आणि शेवटी १२ ते १०० अमिनो आम्लांचं सक्रिय पेप्टाइड. कॅथेलिन भाग सगळ्या सस्तन प्राण्यांत बराच सारखा, त्यात चार सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) आणि त्यांचे दोन बंध. शेवटचा तुकडा मात्र जातीजातीत पूर्ण वेगळा. न्यूट्रोफिलच्या कणिकांत हे प्रथिन निष्क्रिय रूपात साठतं. जंतूशी गाठ पडली की कणिका फुटतात, इलास्टेजसारखं विकर (एन्झाइम) मधला सांधा कापतं आणि पेप्टाइड मोकळं होतं. त्यावर धनप्रभार असतो. जिवाणूंच्या पटलाची बाहेरची बाजू ऋणप्रभारित, आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळपास प्रभारहीन आणि कोलेस्टेरॉलने घट्ट झालेली. म्हणून पेप्टाइड जिवाणूला चिकटतं, पटलात घुसतं, ते फाडतं, आणि आपल्या पेशी पुष्कळ मोठ्या मात्रेपर्यंत सुरक्षित राहतात. दुसरं घराणं डिफेन्सिनांचं, सहा सिस्टीन आणि तीन बंधांचं. त्यांचं काम अवघड आहे, कारण बंध चुकीचे जुळले की पेप्टाइड वाया जातं. सुरुवात कॅथेलिसिडिननेच करा.

माणसात कॅथेलिसिडिनचं जनुक एकच, त्यातून एलएल-३७ निघतं. उंदरातही एकच. करडा आखूड-शेपटी ओपॉसम या आणखी एका शिशुधान प्राण्याच्या जनुकसंचात २००७ मध्येच १२ सापडली, टॅमर वॉलबीत १४. हे वाचून लोक पटकन म्हणतात, पिशवीतल्या जंतूंमुळे जनुकं वाढली. इथे जरा थांबा. त्या ओपॉसमला पिशवीच नसते, जन्मतः ०.१ ग्रॅमची पिल्लं उघड्या पोटाला लटकतात. आणि गाय, मेंढी, डुक्कर यांच्यातही कॅथेलिसिडिनची जनुकं अनेक आहेत, वासरू मात्र जन्मल्याच्या तासाभरात उभं राहतं. अपक्व जन्म हे कारण पटण्यासारखं आहे, पण ते एकटं पुरत नाही. जनुकांची संख्या हा पुरावा नव्हे. कोणतं जनुक कुठल्या ऊतीत, पिल्लाच्या कुठल्या वयात चालू आहे, हा पुरावा.

असा पुरावा टास्मानियन डेव्हिलमध्ये चांगला मिळाला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्याची सहा कॅथेलिसिडिनं तपासली गेली. पाचवं आणि सहावं बऱ्याच जातींच्या जिवाणूंना मारतं, त्यात मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस आणि व्हँकोमायसिनला दाद न देणारा एन्टेरोकॉकसही आला. तिसरं बुरशीवर चालतं. उरलेल्या तिघांनी तपासलेल्या एकाही जंतूला मारलं नाही, तरी ती दूध, पिशवी, आतडं, श्वसनमार्ग अशा सगळीकडे बनत होती. नवशिक्या संशोधक अशी पेप्टाइडं बाजूला टाकतो. ते करू नका. काही कॅथेलिसिडिनांचं काम पांढऱ्या पेशींना बोलावणं, दाह आवरणं, जखम भरणं हे असतं आणि ते वाढ रोखण्याच्या चाचणीत दिसतच नाही. टॅमरचं डब्ल्यूएएम-१ हे दुसरं प्रसिद्ध उदाहरण. २०११ च्या अहवालात ते अनेक जंतूंवर एलएल-३७ पेक्षा कितीतरी पट प्रभावी ठरलं, जास्त मिठातही टिकलं आणि त्याने माणसाच्या तांबड्या पेशी फोडल्या नाहीत. मिठात टिकणं का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

नमुना गोळा करण्यापासून सुरुवात करू, कारण इथली चूक नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. प्राणी-नैतिकता समितीची परवानगी अर्थात आधी. पिल्लाचं वय नेमकं हवं. जन्मतारीख माहीत नसेल तर डोक्याची आणि पायाची लांबी मोजून त्या जातीच्या वाढतक्त्यावरून काढा. दुधाच्या प्रत्येक नमुन्यावर सडाची नोंद हवीच. वॉलबी आणि कांगारूच्या मादीला एकाच वेळी दोन पिल्लं पाजता येतात: एका सडाला नवजात, शेजारच्या सडाला बाहेर हिंडणारं मोठं. दोन ग्रंथींत त्याच दिवशी दोन वेगळ्या टप्प्यांचं दूध असतं. 'मादी क्रमांक ७, दूध' एवढंच लिहिलेली नळी म्हणजे फेकून देण्याजोगा नमुना. १०० दिवसांच्या आतलं पिल्लू सडावरून ओढू नये. तोंड फाटतं, सड जखमी होतो, आणि पुन्हा चिकटवणं हे भूल देऊन, त्यात हात बसलेल्या माणसाचंच काम. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातलं दूध थेंबांतच मिळतं. त्यावर किती चाचण्या शक्य आहेत ते आधी ठरवा. मादीला ऑक्सिटोसिन दिलं की दूध उतरतं. नमुना बर्फात, त्यात लगेच प्रथिनभंजक विकरांना रोखणारं मिश्रण, नाहीतर पेप्टाइड शोधायच्या आत तुटून जातं.

पिशवीतल्या जंतूंची संख्या कमी असेल तर डीएनए काढण्याच्या किटमधलेच जंतू निकालात उतरतात. हवेत फिरवलेला कोरा बोळा आणि नुसतं किटचं द्रावण, असे दोन्ही नियंत्रण-नमुने प्रत्येक फेरीत चालवा. आरएनएबाबत आणखी एक सापळा आहे. कॅथेलिसिडिनचा संदेश-आरएनए न्यूट्रोफिलच्या बाल्यावस्थेत बनतो, म्हणजे प्रौढात अस्थिमज्जेत आणि नवजातात यकृतात. रक्तातल्या पक्व न्यूट्रोफिलमध्ये प्रथिन ठासून भरलेलं असतं, पण आरएनए फारसा उरलेला नसतो. त्यामुळे 'रक्तात आरएनए कमी म्हणून पेप्टाइड कमी' हा निष्कर्ष उलटा पडतो. आणि पिशवीच्या कातडीत आरएनए दिसला म्हणजे सक्रिय पेप्टाइड बाहेर पडलं असंही नाही. ते वस्तुमान-वर्णपटाने (मास स्पेक्ट्रोमेट्रीने) थेट पाहावं लागतं.

जनुकं शोधताना पूर्ण प्रथिनाचा क्रम घेऊन ब्लास्ट (सारखे क्रम शोधणारी संगणक-प्रणाली) चालवला तर चौथा एक्सॉन (जनुकाचा प्रथिनाची माहिती असलेला तुकडा) निसटतो, कारण सक्रिय पेप्टाइड त्याच्यातच असतं आणि तोच भाग जातीजातीत बदलतो. रीत अशी: कॅथेलिन भागाचा, म्हणजे पहिल्या तीन एक्सॉनांचा, एचएमएम प्रोफाइल (अनेक क्रमांवरून काढलेला सांख्यिकी साचा) बनवून जनुकसंचात फिरवा, जिथे जुळेल तिथून पुढचा काही हजार बेसचा पट्टा हाताने तपासा, जोडणीची जागा, तिन्हींशी जुळणारी वाचनचौकट, धनप्रभारित अमिनो आम्लांची दाटी आणि विरामसंकेत पाहा, मग आरएनएच्या वाचनांनी खात्री करा. चार सिस्टीनपैकी एखादं गायब असेल किंवा विराम अध्येमध्ये आला असेल तर ते मृत जनुक असण्याचा संभव मोठा. ही जनुकं एकापाठोपाठ एक ओळीने असतात आणि एकमेकांसारखी दिसतात. डीएनएच्या आखूड वाचनांवर बांधलेल्या जनुकसंचाच्या जुळणीत अशी दोन-तीन जनुकं मिसळून एकच होऊन बसतात. संख्या छापायची असेल तर लांब वाचनांवरची जुळणी वापरा.

सक्रिय पेप्टाइड नेमकं कुठून सुरू होतं, हा पुढचा प्रश्न, आणि खरं पाणी इथेच मुरतं. इलास्टेज साधारणतः व्हॅलिन किंवा अ‍ॅलानिनसारख्या लहान अमिनो आम्लानंतर कापतं, म्हणून चौथ्या एक्सॉनच्या सुरुवातीला तसं ठिकाण पाहून अंदाज बांधतात. तो अंदाजच असतो. माणसाचं एकच पूर्वप्रथिन न्यूट्रोफिलमध्ये प्रोटिनेज-३ ने कापलं जाऊन एलएल-३७ देतं, वीर्यात दुसऱ्या विकराने एक अमिनो आम्ल जास्त असलेलं रूप देतं, आणि कातडीत कॅलिक्रीन ते आणखी छोट्या तुकड्यांत तोडतं. प्रत्येकाची ताकद वेगळी. पैसे असतील तर दोन संभाव्य सुरुवातींची दोन पेप्टाइडं बनवून घ्या. क्रमाच्या शेवटी ग्लायसिन असेल तर ते अमाइड-शेपटीत बदलण्याची शक्यता असते. तसा पुरावा नसताना 'अमाइडने ताकद वाढते' म्हणून शेपटी लावून घेतली तर तुम्ही वॉलबीचं नव्हे, स्वतःचं पेप्टाइड तपासत असता.

कृत्रिमरीत्या बनवून आलेली पेप्टाइडची पावडर तोलताना हिशेब नीट करा. शुद्धीकरणातलं ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल प्रत्येक धनप्रभाराला चिकटून राहतं, प्रत्येकी सुमारे ११४ डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक). पेप्टाइड ४,००० डाल्टनचं आणि त्यावर १२ धनप्रभार असतील तर आम्लाचं वजन सुमारे १,३७० डाल्टन, म्हणजे पावडरीत पेप्टाइड पाऊण भागच. त्यात मुरलेलं पाणी वेगळं. ९५ टक्के शुद्ध असं लेबल असलं तरी ती शुद्धता पेप्टाइडांपुरती असते, पावडरीच्या वजनाची नव्हे. अमिनो आम्ल विश्लेषणाने खरी मात्रा काढून घ्या. पेशींवरच्या चाचणीसाठी तर हे आम्ल बदलून अ‍ॅसिटेट किंवा क्लोराइड क्षार मागवा, नाहीतर विषारीपणा आम्लाचा आणि दोष पेप्टाइडला. मूळ द्रावण निर्जंतुक पाण्यात किंवा ०.०१ टक्के अ‍ॅसिटिक आम्लात करा, छोट्या वाट्यांत विभागून उणे ८० अंशांवर ठेवा, एकदा वितळवलेली वाटी पुन्हा गोठवू नका.

किमान रोधक मात्रा, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा, मोजायची पद्धत अशी. ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट पॉलिप्रॉपिलीनची घ्या, साधी पॉलिस्टायरिनची नको. धनप्रभारित पेप्टाइड तिच्या भिंतींना चिकटून बसतं आणि तळच्या मात्रांत तर द्रावणात जवळपास काही उरतच नाही. एकाच पेप्टाइडचे दोन प्रयोगशाळांतले आकडे जुळत नसतील तर पहिली चौकशी प्लेटची करा. पेप्टाइडच्या दुपटीच्या पायऱ्या ०.०१ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल अधिक ०.२ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन) अशा द्रावणात, अंतिम मात्रेच्या १० पट तीव्रतेच्या बनवा. वरची अंतिम मात्रा मिलिलिटरला ६४ मायक्रोग्रॅम हवी असेल तर पहिली पायरी ६४० ची. प्रत्येक वेलमध्ये १० मायक्रोलिटर पेप्टाइड आणि ९० मायक्रोलिटर जंतू. जंतू नुकत्याच वाढीला लागलेल्या कल्चरमधून, अंतिम संख्या मिलिलिटरला ५ लाख. ही संख्या गृहीत धरू नका, मोजा: पेप्टाइड नसलेल्या वेलमधून १० मायक्रोलिटर काढून १० मिलिलिटर सलाइनमध्ये टाका, त्यातले १०० मायक्रोलिटर आगरवर पसरा, दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास वसाहती दिसायला हव्यात. जंतू दसपट जास्त पडले तर चांगलं पेप्टाइडही निकामी दिसतं.

माध्यमाची निवड हा वादाचा मुद्दा आहे आणि माझं मत स्पष्ट आहे: साधं, पातळ माध्यम आणि आयन घातलेलं प्रमाण माध्यम, दोन्हींत मोजा. म्युलर-हिंटन रश्श्याचं (जंतू वाढवायच्या नेहमीच्या द्रव माध्यमाचं) लिटरला २०-२५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १०-१२.५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम घातलेलं प्रमाण रूप असतं. हे दुहेरी धनप्रभाराचे आयन जिवाणूच्या पटलावरच्या त्याच जागा धरून बसतात जिथे पेप्टाइडला चिकटायचं असतं. साध्या, पातळ माध्यमात पेप्टाइड झकास दिसतं. १५० मिलिमोलर मीठ आणि हे आयन आले की पुष्कळ पेप्टाइडं गळपटतात. शरीरात मीठ असतंच. डब्ल्यूएएम-१ चं महत्त्व इथे कळतं. वॉलबीच्या पिशवीबद्दल विधान करायचं असेल तर तापमान ३५ अंश ठेवा, कारण या प्राण्यांचं शरीर माणसापेक्षा थोडं थंड असतं आणि प्रमाण पद्धतीच्या मर्यादेतही ते बसतं. १८ ते २० तास उबवा. एटीसीसी या जंतुसंग्रहातल्या नेहमीच्या २५९२२ ई. कोलाय आणि २९२१३ स्टॅफिलोकॉकसबरोबर पिशवीतून वेगळे केलेले जंतूही हवेत. शक्य असेल तर एक मालिका त्याच जातीच्या, त्याच टप्प्यातल्या दुधाच्या निवळीत चालवा. दुधातली प्रथिनं पेप्टाइडला बांधून ठेवतात का ते तिथेच कळतं.

प्रत्येक प्लेटवर तुलनेला एलएल-३७ (ई. कोलायच्या प्लेटवर कोलिस्टिन हे प्रतिजैविकही), एक वाढ-नियंत्रण, एक कोरं माध्यम. तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एका दिवशी शेजारच्या तीन वेलमध्ये केलेले तीन प्रयोग म्हणजे एकच प्रयोग. एका पायरीचा फरक, म्हणजे ४ आणि ८, हा फरक मानू नका. मध्येच एखादी वेल गढूळ आणि तिच्या वर-खाली स्वच्छ असेल तर मिसळताना चूक झाली आहे किंवा पेप्टाइडचा साका बसला आहे. ती ओळ बाद. वाढ थांबली म्हणजे जंतू मेले असं नाही, म्हणून स्वच्छ वेलमधून आगरवर पसरून ९९.९ टक्के मृत्यू कुठे होतो ते वेगळं लिहा. आगरमध्ये भोक पाडून प्रसरण पाहणारे बरेच आहेत; साध्या आगरमधले ऋणप्रभारित गट पेप्टाइडला अडवून ठेवतात आणि वर्तुळ खोटं लहान येतं. तीच चाचणी करायची असेल तर कमी प्रभाराचं अ‍ॅगॅरोज घ्या.

विषारीपणासाठी तांबड्या पेशी तीनदा धुऊन २ टक्के द्रावण करा, पेप्टाइडबरोबर ३७ अंशांवर एक तास ठेवा, फिरवून वरचं द्रव ५४० नॅनोमीटरला वाचा. नुसतं बफर म्हणजे शून्य, ०.१ टक्के ट्रायटन (पेशी फोडणारं साबणासारखं द्रव्य) म्हणजे शंभर. एवढ्यावर थांबू नका, निदान एका मानवी पेशीवंशावरही पाहा. डेव्हिलची पाचवी आणि सहावी कॅथेलिसिडिनं मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅमला ए-५४९ या मानवी पेशीवंशाला विषारी ठरली; जंतू मारायला लागणाऱ्या मात्रेच्या ती दहापटीहून जास्त. कातडीवर लावायच्या औषधासाठी हे अंतर उपयोगी आहे, शिरेतून द्यायच्या औषधासाठी तोकडं. रक्तातली विकरं पेप्टाइड लवकर तोडतात, प्रथिनं त्याला बांधतात, आणि ३०-४० अमिनो आम्लांचं पेप्टाइड बनवणं महाग पडतं. म्हणून पुढचा रस्ता जखम, कातडी, डोळा अशा बाहेरच्या जागांचा आहे. प्राण्यांच्याच औषधात कोआलाचा विषय मला सर्वांत निकडीचा वाटतो: त्याच्या पाचव्या कॅथेलिसिडिनने प्रयोगशाळेत क्लॅमिडिया पेकोरमला निकामी केलं आहे, आणि याच जंतूने कोआला आंधळे आणि वांझ होतात. नेहमीची प्रतिजैविकं दिली की निलगिरीची पानं पचवणारे त्यांच्या आतड्यातले जंतूही मरतात, त्यामुळे निवडक औषधाची तिथे खरी गरज आहे.

उरला तिसरा भाग. अनाथ पिल्लाच्या दुधात असं पेप्टाइड मिसळू नका. कोणत्या वयाच्या दुधात किती मात्रा असते हे बाटलीत उतरवता येण्याइतकं ठरलेलं नाही, आणि चुकीच्या मात्रेने आतड्यातली वस्ती विस्कटली तर सगळ्यात आधी यीस्ट माजतं. बाटलीवर वाढवलेल्या पिल्लांत तोंडापासून आतड्यापर्यंत कॅन्डिडा होणं नेहमीचं आहे: आंबूस वास, हिरवट-पिवळी पातळ विष्ठा, दूध नाकारणं. पशुवैद्य त्यावर निस्टॅटिन देतात. आईचं संरक्षण गेलं आहे हे धरून स्वच्छता तिच्या जागी आणा. प्रत्येक पाजणीला उकळलेली बाटली आणि बूच, पाजण्याआधी धुतलेले हात, कापडी पिशवीचं अस्तर ओलं होताच बदललेलं, दोन ठिकाणची पिल्लं एकत्र नाहीत. बिनकेसाच्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश ऊब लागते; थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये, आधी ऊब. साधं गाईचं दूध नको, लॅक्टोज पचत नाही आणि अतिसार होतो. वयाच्या टप्प्यानुसार बनवलेली शिशुधान प्राण्यांची दूधपावडर मिळते, आणि गाईच्या चिकातली प्रतिपिंडं असलेलं पूरक पशुवैद्याला विचारून देता येतं.

रस्त्यावर मेलेल्या मादीच्या पिशवीत सडाला चिकटलेलं बिनकेसाचं पिल्लू सापडलं, तर ते ओढून काढू नका. सड आईच्या शरीरालगत कापा, कापलेलं टोक सेफ्टी पिनने कापडी पिशवीच्या अस्तराला टाचा म्हणजे पिल्लू ते गिळणार नाही, पिशवी कपड्यांच्या आत अंगालगत धरा आणि वाटेत काहीही न पाजता परवानाधारक संगोपकाकडे न्या.